तिच्या नावावर किती, हे मी का लिहिलं

नमस्कार ताई,

अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकरच्या ६८ कोटींच्या मालमत्तेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिलेली आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. 'मताबद्दल धन्यवाद' म्हणून तिची बोळवण करणं मला पटलं नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नटीबद्दल लिहायचं तर तिच्या कामाबद्दल लिहावं, तिचे पैसे मोजत बसणं ही नसती उठाठेव. स्वतः बाई असून दुसऱ्या बाईच्या पर्समध्ये हात घालताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही, असं तुम्ही विचारलंत. मोजक्या हिट सिनेमांवर ६८ कोटी जमतातच कसे, कुठेतरी पाणी मुरत असणार, ही तुमची शंका. आमच्या पिढीने अभिनेत्री दुर्गाबाई खोटे यांना डोक्यावर घेतलं, पण त्यांना किती मिळाले हे कधी विचारलं नाही, हा तिसरा मुद्दा. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुमच्या मावशीबद्दल दोन ओळी. त्यांच्याकडे मी नंतर येते.

आधी आकडा. तो मी कुणाच्या पर्समधून काढलेला नाही. २०१९ ची लोकसभा निवडणूक ऊर्मिलाने उत्तर मुंबईतून लढवली, तेव्हा उमेदवारी अर्जासोबत तिने स्वतः शपथेवर तो लिहून दिला. उमेदवाराची मालमत्ता मतदाराला कळली पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २००२ साली ठरवून दिलं. तेव्हापासून हे प्रतिज्ञापत्र सगळ्यांना बघता येतं. त्यात खोटं लिहिलं किंवा काही लपवलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ज्या कागदावर मी विसंबले तो तिने मतदारांसमोर, तुमच्या-माझ्यासमोरच ठेवलेला आहे.

या प्रतिज्ञापत्राचा फॉर्म, म्हणजे नमुना २६, तुम्ही एकदा शांतपणे वाचाच. उभे रकाने असतात: स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबून असणाऱ्या व्यक्ती. आडव्या ओळींत हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, दिलेली कर्जं, गाड्या, दागिने. घर किंवा जमीन असेल तर ती कधी घेतली, स्वतः कमावली की वारशाने आली, घेताना किती पडले आणि आज किंमत किती, हे सगळं वेगवेगळं भरावं लागतं. ऊर्मिलाच्या स्वतःच्या रकान्यात सुमारे ४१ कोटींची चल आणि २७ कोटींची अचल, म्हणजे घर-जमिनीची, मालमत्ता आहे. पतीच्या रकान्यातले आकडे लाखांत आहेत. मी लेख लिहायला बसले ते हे दोन रकाने शेजारी शेजारी पाहून. मराठी घरातून आलेली, लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली एक मुलगी, आणि पन्नाशीच्या अलीकडे तिच्या स्वतःच्या नावापुढे एवढा ऐवज. यात तिची कसली बेअब्रू?

आता पाणी मुरण्याबद्दल. शंका घेण्याआधी वर्षं मोजू. 'झाकोळ' १९८० चा, 'मासूम' १९८३ चा. तेव्हा ती शाळकरी पोर होती. नायिका म्हणून 'नरसिंहा' १९९१ ला, 'रंगीला' १९९५ ला. तिथून 'सत्या', 'कौन', 'प्यार तूने क्या किया', 'भूत', 'पिंजर', 'एक हसीना थी' असं दहा वर्षं सलग आघाडीचं काम. २००७ ला टीव्हीवर नृत्याच्या स्पर्धेत परीक्षक. मोजके हिट तुमच्या लक्षात राहिले, काम मात्र त्याच्या कितीतरी पट झालं. आणि नटीचं उत्पन्न नुसत्या सिनेमाच्या मानधनावर थांबत नाही. जाहिराती असतात, परदेशातले स्टेज शो असतात, उद्घाटनं असतात, टीव्हीचे करार असतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मिळालेला पैसा पुढे काय करतो. १९९५ च्या अखेरीला सेन्सेक्स ३,१०० च्या आसपास होता. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो ३८,००० च्या वर होता. तिने कुठे किती गुंतवले याची यादी मी करत बसले नाही, पण ज्या बाईच्या हातात १९९५ ते २००५ या काळात मोठी रक्कम आली आणि जिने ती मोडली नाही, तिची पुंजी वीस वर्षांत अनेक पटींनी वाढणं हे साधं व्याजाचं गणित आहे. त्याच प्रतिज्ञापत्रात पाच वर्षांचं उत्पन्नही आहे: २०१३-१४ ला १ कोटी २७ लाख, २०१७-१८ ला २ कोटी ८५ लाख. हिंदीतल्या मोठ्या भूमिका त्याआधीच जवळजवळ थांबल्या होत्या, तरी उत्पन्न वाढलं. आपल्या मुंबईत श्रीमंती म्हणजे फ्लॅट, असं समीकरण डोक्यात बसलेलं असतं. इथे चल मालमत्ता अचलपेक्षा जास्त आहे, हे मला फार बोलकं वाटलं.

हा काळही महत्त्वाचा. १९७३-७४ च्या सुमारास आपल्याकडे आयकराचा सगळ्यात वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहायचे. मग व्हायचं काय, तर कागदावर थोडे आणि बाकीचे रोख. त्या रोखीचा सगळ्यात मोठा फटका नटीला बसायचा. नट स्वतः निर्मात्याशी बोलायचा, स्वतः पाकीट घ्यायचा. नटीच्या वतीने बोलायला आई, भाऊ, नवरा किंवा सेक्रेटरी. जो पैसा कागदावरच नाही तो तिच्या नावावर कुठून येणार? घर दुसऱ्याच्या नावाने, दागिने दुसऱ्याच्या कपाटात. उद्या भांडण झालं तर कोर्टात दाखवायला पावतीही नाही. सिनेमाला उद्योग म्हणून मान्यता देण्याची घोषणा १९९८ ला झाली आणि त्यानंतर बँकांचा पैसा, लेखी करार, चेक, टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, हे सगळं हळूहळू रुळलं. ऊर्मिलाची भरभराटीची वर्षं नेमकी या बदलाच्या दोन्ही बाजूंना आहेत. आज मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो तेव्हा तो कलाकाराच्या पॅन नंबरवर जमा होतो. म्हणजे तिने कमावलं याची नोंद सरकारदरबारी तिच्याच नावाने राहते. आधीच्या पिढ्यांतल्या बायकांना एवढंही मिळालं नव्हतं.

म्हणून दुर्गाबाईंकडे येते. त्यांना किती मिळाले हे कुणी विचारलं नाही, याचा तुम्हाला अभिमान वाटतो. मला त्याची खंत वाटते. मोठ्या घरातल्या, शिकलेल्या दुर्गाबाई सिनेमात आल्या त्या हौसेने नाही, घरची आर्थिक घडी विस्कटली म्हणून. तरुण वयात वैधव्य आलं, पदरात दोन मुलगे. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. तेव्हा कलाकार स्टुडिओचे पगारी नोकर असायचे, पण दुर्गाबाई एकाच कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली, जाहिरातपट आणि माहितीपट केले. १९८८ ला दूरदर्शनवर आपण सगळ्यांनी जिच्यासाठी जेवणं लवकर उरकली, ती 'वागळे की दुनिया' मालिका त्यांच्याच निर्मितीसंस्थेची. पडद्यावरच्या राणीपेक्षा बिलं आणि हिशेब सांभाळणारी ही बाई मला जास्त थोर वाटते, आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं. पैशाचा विषय हलका मानला की बाईच्या आयुष्याचा हा अर्धा भाग झाकलेलाच राहतो.

हंसा वाडकरांचं उलट. लहान वयात घर चालवण्यासाठी त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. 'लोकशाहीर रामजोशी'ने नाव झालं. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. घर त्यांच्या कमाईवर चाललं, पण स्वतःच्या आयुष्यावर त्यांचा ताबा किती थोडा होता, हे त्यांनी आत्मकथनात इतकं थेट सांगितलंय की वाचताना आजही मन विषण्ण होतं. १९७१ ला त्या गेल्या. नूतनसारख्या नावाजलेल्या नटीलाही पैशांच्या व्यवहारावरून स्वतःच्या आईविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि मायलेकींत कित्येक वर्षं अबोला राहिला. या बायकांना तिकीटबारीवर काही कमी नव्हतं. कमावणारी एक आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, हे त्यांचं दुखणं होतं.

आता तुम्हीच पाठवलेल्या दुसऱ्या लिंकबद्दल. 'सर्वांत श्रीमंत अभिनेत्री जुही चावला, आणि तुम्ही ६८ कोटींचं काय घेऊन बसलात', असं तुम्ही लिहिलंत. हुरुन या संस्थेच्या श्रीमंतांच्या यादीत २०२४ ला ४,६०० कोटी आणि २०२५ ला ७,७९० कोटी, हे आकडे बरोबर आहेत. फक्त तिथे नाव 'जुही चावला आणि कुटुंब' असं आहे, आणि तो ऐवज मुख्यतः कोलकाता नाइट रायडर्सच्या मालकीतला आहे. २००८ ला ती टीम साधारण साडेसात कोटी डॉलरला घेतली गेली. शाहरुख खानच्या कंपनीचा ५५ टक्के, जुहीच्या पतीच्या मेहता ग्रुपचा ४५ टक्के हिस्सा. पुढे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२३ ते २७ साठी ४८,३९० कोटींना गेले, त्यातला वाटा टीमना मिळतो, म्हणून टीमची किंमत वाढली. ती किंमत म्हणजे त्या दिवशीचा हिस्सेदारीचा अंदाज, बँकेतली शिल्लक नव्हे. जुहीने 'कयामत से कयामत तक'पासून केलेल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. शाहरुखबरोबर निर्मितीसंस्थेत उतरण्याचं धाडसही तिचंच. पण पूर्ण कुटुंबाच्या धंद्याचा अंदाज आणि एका बाईने स्वतःच्या रकान्यात शपथेवर लिहिलेला आकडा एका रांगेत लावून पहिली कोण, दुसरी कोण ठरवलं, तर दोघींवरही अन्याय होतो.

तशाच 'नेट वर्थ' सांगणाऱ्या वेबसाइट. तिथले आकडे कुठून आले, कोणत्या तारखेचे, कर्ज वजा केलंय का, काही लिहिलेलं नसतं. एकीने छापलं की दहाजणी उचलतात. त्यांतला एकही आकडा मी माझ्या लेखात घेतला नाही आणि पुढेही घेणार नाही. प्रतिज्ञापत्र असेल, कोर्टाचा कागद असेल, नोंदणी झालेला दस्त असेल, तरच.

दस्ताचंही सांगते, कारण 'अमक्या नटीने पाली हिलला फ्लॅट घेतला' ही बातमी बहुतेक वेळा तिथूनच येते. नोंदणी व मुद्रांक विभागाची सूची क्रमांक दोन, आपल्या बोलण्यातली इंडेक्स टू. घर घेतलेल्या प्रत्येक मुंबईकराच्या फायलीत ती असते. वरती मोबदला आणि बाजारभाव, मग क्षेत्रफळ, मग दस्तऐवज करून देणाऱ्या पक्षकाराचं नाव आणि त्याखाली दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचं नाव. पेपरवाले मोबदल्याचा आकडा उचलतात. मी आधी करून घेणाऱ्याचं नाव वाचते. तिचं एकटीचं आहे, की वडिलांबरोबर, की कंपनीचं? एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोन कोटींच्या घराला दोन लाख वाचतात. ही सवलत नटीला आहे तशीच तुमच्या सुनेलाही आहे. घरात विषय निघाला तर जरूर सांगा.

नट्यांच्या अभिनयावर मी लिहितेच, 'पिंजर'वरचा माझा लेख तुम्हाला आवडला होता, हे माझ्या लक्षात आहे. पण कामाचा मोबदला हा कामाचाच भाग आहे असं मी मानते. गिरणीत, बँकेत, शाळेत काम करणाऱ्या बाईच्या पगाराबद्दल आपण हक्काने बोलतो. नटीच्या बाबतीतच तो विषय हलका का ठरावा?

आणि आता मावशी. दादरच्या एका स्टुडिओत त्या ग्रुप डान्समध्ये नाचायच्या, रोजचं पाकीट मामांच्या हातात जायचं, आणि म्हातारपणी त्यांच्या नावावर पोस्टाचं खातंसुद्धा नव्हतं, असं तुम्ही लिहिलंत. मोठ्या नट्यांचे निदान सिनेमे मागे राहिले. मागच्या रांगेत नाचणाऱ्यांची तर श्रेयनामावलीतही नावं नाहीत. त्यांना दिवसाचे किती मिळत, जेवण धरून की वगळून, रात्रपाळीचे वेगळे मिळत का, दलाल किती कापून घ्यायचा, यावर मला लिहायचं आहे. तुमच्या घरी त्यांचं संघटनेचं कार्ड, एखादं व्हाउचर, शूटिंगचा पास, मागे तारीख घातलेला फोटो, असं काही जपलेलं असेल तर मला ईमेल करा. मावशींचं नाव, स्टुडिओचं नाव, यातलं काहीही तुम्हाला विचारल्याशिवाय छापणार नाही. मामांच्या बाजूनेही काही सांगण्यासारखं असेल तर तेही लिहा.