घाटातल्या वळणावर गाडी लावणाऱ्यांनो, ऐका

गोव्यातून बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटात आंधळ्या वळणावर गाडी लावून फोटो काढत उभे राहणाऱ्यांचा मला प्रचंड संताप आलाय आणि या वेळी मी तो गिळणार नाही.

पावसाळा लागला की आम्ही नवरा-बायको एक फेरी मारतो. साखळीहून केरी, मग चोर्ला चढून कणकुंबी, जांबोटी, खानापूर. परतताना लोंढा, रामनगर करत अनमोड घाट उतरायचा आणि मोले, फोंडामार्गे घरी. दोघंही नोकरीवाले, सुट्टी जुळणं कठीण, त्यामुळे या एका दिवसाची आम्ही महिनाभर वाट बघतो. गोव्यात जन्म काढलेल्या माणसाला समुद्राचं काय अप्रूप? आमचा जीव रमतो तो सत्तरी तालुक्याच्या या डोंगरांत. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात देगावजवळ म्हादई जन्मते ती मात्र पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्रात शिरते. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, अर्धा बंगालच्या उपसागरात आणि अर्धा अरबी समुद्रात. मी हे दर वर्षी सांगते आणि नवरा दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकतो. आम्हाला तेवढंच हवं असतं. काच खाली, ओल्या मातीचा वास, बोलत बोलत चढायचं.

यंदा बोलणं राहिलं बाजूला. केरी सोडून चढण सुरू झाली तेव्हापासून नवरा मान वाकडी करून बाहेर बघतोय आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेय.

एका तीव्र वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते. वरून भाजीचा भरलेला ट्रक सावकाश उतरत होता. त्याच्या मागे एक मोठी गाडी. त्या गाडीवाल्याला तो ट्रक वळण संपेपर्यंत सहन झाला नाही. त्याने तिथेच, पुढचं काही दिसत नसताना, ओव्हरटेक मारला आणि थेट माझ्या बॉनेटसमोर येऊन थांबला. माझ्या डाव्या हाताला भरून वाहणारं गटार, उजव्या हाताला ट्रकची चाकं, मागे बेळगावला जाणारी बस. मी हँडब्रेक ओढला. गाडी तरीही बोटभर मागे सरकली आणि पोटात गोळा आला. तो अप्पर-डिपर मारतोय. मग काच खाली करून मलाच म्हणतो, "मॅडम, रिव्हर्स घ्या ना थोडी."

चढावर! बस मागे असताना!

बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला चांगलंच झापलं, "ओ साहेब, चढणीची गाडी आधी सोडायची असते, लायसन कुठनं काढलंय?" माझ्या मनातलं तो बोलला. हा नियम कुणाच्या मर्जीचा नाही. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, असं वाहन चालवण्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. कारणही साधं आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते, क्लच जळतो आणि मागे दुसरी गाडी असेल तर संपलंच. उतरणाऱ्याला थांबायला फक्त ब्रेक दाबायचा असतो. एवढं ज्याला कळत नाही त्याने घाटात गाडी घालू नये.

पण खरा कहर पुढे, धबधब्यांच्या टप्प्यात. रस्त्याला लागून पाणी कोसळतं, त्यामुळे सगळ्यांना तिथेच उतरायचं असतं. उतरा, नाही कोण म्हणतं? पण गाडी वळणाच्या पोटात लावायची? एकाने लावली की त्याच्या मागे दुसरा, तिसरा, बघता बघता अर्धा रस्ता गिळलेला. दारं रस्त्याच्या बाजूने सताड उघडी, आत स्पीकर ठणाणा वाजतोय आणि लहान पोरं भर रस्त्यात पळतायत. त्यात धुकं. चोर्ला साधारण ८०० मीटर उंचीवर आहे, जुलैत तिथे भरदुपारी समोरची गाडी दिसत नाही. अशा वेळी कुणी अप्पर लावून येतो, त्याने धुक्याची पांढरी भिंत उभी राहते आणि त्याला स्वतःलाच काही दिसत नाही. कुणी चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकतो, मग तो वळतोय की उभा आहे हे मागच्याला कसं कळणार? लो बीम, फॉग लाइट आणि कमी वेग. तीनच गोष्टी, त्याही होत नाहीत.

आम्ही वळणं संपल्यावर, पुढे मोकळ्या जागेत गाडी लावली आणि चालत मागे आलो. ओहोळाच्या कडेला एक टोळकं बिअर पीत बसलेलं. त्यातल्या एकाने रिकामी बाटली आमच्या डोळ्यांसमोर समोरच्या कातळावर फोडली. का? फुटताना आवाज कसा येतो ते ऐकायला! बाकीचे हसले. हिरव्या काचेचे तुकडे पाण्यात पडले, काही शेवाळात अडकून चमकत राहिले. मी ओरडले. नवऱ्याने माझा हात धरला, कारण ते पाच-सहा जण होते आणि त्यांच्या डोळ्यांत दारू होती. माझ्याच राज्यात, माझ्या आवडत्या जागी मला गप्प बसावं लागलं, हे मला अजून टोचतंय.

हा म्हादई अभयारण्याचा परिसर आहे. १९९९ साली जाहीर झालेलं २०८ चौरस किलोमीटरचं जंगल. इथे गवे फिरतात. गवा हा आपला राज्यप्राणी. त्याच्या खुरात ती काच गेली तर ती कोण काढणार? केरी-मोर्लेची माणसं गुरं घेऊन, अनवाणी या ओहोळांत उतरतात, त्यांचं काय?

आणि "हे सगळे बाहेरून आलेले टुरिस्ट" असं कुणी म्हणू नका. मी नंबरप्लेटी बघितल्या. जीए-०३ होत्या, जीए-०७ होत्या, जीए-०४ होत्या. कर्नाटकाच्या, महाराष्ट्राच्याही होत्या, पण आपल्या कमी नव्हत्या. बाहेरच्यांच्या नावाने बोटं मोडून आपली घाण झाकता येत नाही.

पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणाऱ्याला २,००० रुपये आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड, अशी दुरुस्ती गोव्याने २००१ च्या कायद्यात २०१९ मध्येच केली होती. कागदावर. त्या दिवशी अख्ख्या घाटात दंड करणारा एक माणूस मला दिसला नाही.

लोक विसरतात की हा रस्ता म्हणजे सहलीचं मैदान नाही. आपल्या ताटातली भाजी, चहातलं दूध बेळगावहून याच घाटाने उतरतं. आम्ही कणकुंबीकडे निघालो तेव्हा मागून सायरन वाजवत अँब्युलन्स आली. मी कडेला घेतलं. पुढे वळणावर लावलेल्या गाड्यांच्या रांगेत ती अडकली. तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि गाडीचा मालक खाली पाण्यात भिजतोय! त्याला शोधायला नवरा धावत खाली गेला. तो माणूस टॉवेलने डोकं पुसत, हसत, निवांत वर आला. आतल्या पेशंटची बायको दार किलकिलं करून नुसती बघत होती. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, अगदी खरं सांगते.

परतीला अनमोडमध्ये माकडांना वेफर्स टाकण्यासाठी उभ्या केलेल्या गाड्या. तिथेही वळण, तिथेही तेच. खाण्याच्या आशेने माकडं रस्त्यावर बसायला शिकतात आणि चाकाखाली येतात. एक मेलेलं पिल्लू आम्ही बघितलं. त्यानंतर फोंड्यापर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

पावसाळ्यातले रविवार मोजून पंधरा-वीस. तेवढे दिवस धबधब्याच्या वळणांवर दोन-दोन पोलीस उभे करा, लावलेली गाडी उचलून न्या, बाटली दिसली की जागेवर पावती फाडा. आणि गाडीवाल्यांनो, दोन-तीनशे मीटर पुढे जागा असते. तिथे लावा आणि चालत या. पाय दिलेत ना देवाने?