नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नाना, नमस्कार.

उत्तर द्यायला आठ दिवस लागले. तुरीचा हंगाम आहे, दोन मिलमध्ये एकाच वेळी सॉफ्टवेअर बसवण्याचं काम चालू आहे, असं कारण देता आलं असतं. खरं कारण वेगळं आहे. पहिल्याच रात्री लिहिलेलं उत्तर बायकोने वाचलं आणि म्हणाली, हे टाकू नका. म्हणून हे दुसरं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री, उधारी हे सगळं एकाच ठिकाणी ठेवणारी ईआरपी सॉफ्टवेअरं आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाहीत, असं मी लिहिलं होतं. ती आपल्याकडच्या डाळ मिल, जिनिंग, चटईचे कारखाने इथपर्यंत येणार. एकरकमी विकत घेण्याऐवजी महिन्याच्या भाड्याने, क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून) मिळणार. बिलाचा फोटो काढला की नोंद आपोआप पडणार. आणि सरकारी नियमच असे होत चाललेत की रात्री बसून रोजमेळ लिहिण्यावर भागणार नाही.

त्यावर अमळनेरहून डाळ मिलवाल्या नानांनी अकरा ओळी लिहिल्या. त्यांच्या मिलमध्ये अशीच एक सिस्टीम बसवली होती, ती आठ महिन्यांत बंद पडली. बसवणारा आता फोन उचलत नाही. दर माणशी दर महिना भाडं किती होतं ते मी लिहिलेलं नाही. नेट गेलं तर काट्यावर उभ्या गाडीचं काय करायचं? दलालाचं अक्षर त्याच्या मुलाला लागत नाही, ते यंत्राला काय लागणार? त्यांची डाळ ३० किलोच्या कट्ट्यातून करमुक्त जाते, मग त्यांना ई-इनव्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचा) धाक कशाला? आणि ई-इनव्हॉइसची एक तारीख मी चुकीची दिली आहे. सगळ्यात शेवटी, त्यांची खतावणी (कोणाचं किती येणं-देणं याचा हिशोब) त्या बंद सिस्टीममध्ये अडकली आहे.

या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे. ते जसंच्या तसं देतो: "लेखकाने गादीवर बसलेला मुनीम कधी जवळून पाहिला असेल असे वाटत नाही, पुण्याहून बॅग घेऊन आल्यासारखे लिहिले आहे."

आधी चूक कबूल करतो, म्हणजे मनात राहायला नको. पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस १ एप्रिल २०२३ पासून, असं मी लिहिलं. ते १ ऑगस्ट २०२३ पासून आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी, जानेवारी २०२१ मध्ये १००, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबरमध्ये १० आणि मग ५, अशी ती उलाढालीची मर्यादा उतरत आली. सहा पायऱ्या मला पाठ आहेत, शेवटच्या पायरीवर पाय घसरला. तुमचा डोळा तिथे बरोबर गेला, मानलं. पण चार महिन्यांच्या चुकीसाठी "अभ्यास न करता" हा शब्द जरा जास्त झाला, नाही का?

आता ते वाक्य.

नाना, माझे वडील मुनीम होते. जळगावात एका डाळ मिलच्या गादीवर सत्तावीस वर्षं. "जवळून" म्हणजे किती जवळून हवंय? शाळा सुटली की मी घरी न जाता मिलमध्ये जायचो, कारण घराची किल्ली वडिलांच्या बंडीच्या खिशात असायची. पांढरी चादर घातलेली गादी, समोर उतरत्या झाकणाची पेटी, तिच्यावर लाल कापडी बांधणीची लांब वही. चादरीवर पाय ठेवायचा नाही, वहीला उष्टा हात लावायचा नाही. मी कोपऱ्यात बसून काटाचिठ्ठ्या तारखेने लावायचो. तारेत खुपसलेल्या चिठ्ठ्यांचा तो गठ्ठा, प्रत्येकीवर गाडी, वजन, कडता (वजनातली कपात). चिठ्ठीवरचा ४ आणि ५ ओळखायला मी तिथे शिकलो, शाळेत नाही. दिवाळीला वहीपूजन व्हायचं तेव्हा पहिल्या पानावर 'शुभ लाभ' वडील काढायचे, मालक नाही. मालक म्हणायचे, अक्षर मुनीमजींचं.

वडिलांकडे त्या मोठ्या वहीशिवाय एक लहान डायरी होती, खिशातली. तिच्यात काय असायचं? कोणत्या शेतकऱ्याने पोरीच्या लग्नासाठी उचल घेतली आहे आणि आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) त्याला विचारायचं नाही. कोणत्या व्यापाऱ्याचा कट्टा नेहमी अर्धा किलो हलका येतो. कोणाचा चेक आधी फोन करून मगच बँकेत टाकायचा. खतावणीत यासाठी रकानाच नव्हता.

१९९६ च्या हंगामात वडिलांना टायफॉइड झाला. अकरा दिवस अंथरुणावर. बाहेर तुरीच्या गाड्या लागलेल्या, आणि मिलमध्ये कोणालाच कळेना की कोणाचं किती द्यायचं. वही तर समोर होती, पण वडिलांनी आकड्यांच्या बाजूला ज्या खुणा करून ठेवल्या होत्या त्यांचा अर्थ त्यांनाच ठाऊक. पाचव्या दिवशी मालक स्वतः वही घेऊन आमच्या घरी आले. खाटेशेजारी पत्र्याच्या खुर्चीवर बसले. मालक नाव वाचायचे, वडील डोळे मिटून आकडा सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "त्याला आत्ता निम्मेच द्या." आई दर थोड्या वेळाने पाण्याची पट्टी बदलत होती. त्या दिवशी बावीस जणांचा हिशोब मिटला. मी आठवीत होतो, दारात उभा राहून ऐकत होतो.

मी या धंद्यात आलो ते त्या खाटेमुळे. एका माणसाला ताप आला म्हणून मिल थांबू नये, एवढंच मला म्हणायचं असतं. तुम्ही म्हणाल, पण मिल थांबली नाही, मुनीमजींच्या डोक्यामुळेच चालली. म्हणा. दोन्ही बाजूंनी वाचता येतं हे मलाही दिसतं.

आणि पुण्याहून बॅग घेऊन? माझी बॅग जळगावच्या फुले मार्केटमधली आहे, तिची चेन गेल्या पावसाळ्यातच गेली. तुम्ही अमळनेरचे. १९४५ मध्ये तुमच्याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याच कंपनीला आज जग विप्रो म्हणून ओळखतं, आणि मोठमोठ्या कारखान्यांना ईआरपी बसवून देणं हा तिचा एक धंदा आहे. सॉफ्टवेअर म्हटलं की पुण्याकडे बोट दाखवणाऱ्या अमळनेरकराला आणखी काय सांगायचं? (हे वाक्य बायकोने काढायला सांगितलं होतं. ठेवतो आहे.)

एक गोष्ट मात्र तुमच्या अनुभवाशी जुळते, म्हणून सांगतो. ही बहुतेक सॉफ्टवेअरं जोडणीच्या कारखान्यांचा विचार करून वाढली. चाक, दांडा, मोटार आणा, जोडा, एक यंत्र तयार. अनेकातून एक. आपल्या मिलमध्ये नेमकं उलटं. एक तूर आत जाते आणि फटका डाळ, तुकडा, चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल असं बाहेर पडतं, शिवाय घट. १०० किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ, तीही ओलावा आणि वाण बघून. जिनिंगमध्ये तेच, कापसातून रुई आणि सरकी. आता तुरीची किंमत या चौघांत वाटायची कशी? ज्याने मिल पाहिलेली नाही तो सगळी किंमत डाळीवर टाकतो. मग चुनी फुकट पडल्यासारखी दिसते आणि डाळीत कायम तोटा. तुमच्या बसवणाऱ्याने हेच केलं असणार, पैज लावतो. आठ महिन्यांत बंद पडलं त्याचं कारण सॉफ्टवेअर नाही, तो माणूस. हे तुम्ही मला विचारलं असतंत तर मी प्रतिक्रियेआधीच सांगितलं असतं.

दलालाच्या अक्षराचं. इथे मी थोडा हसलो, कारण बरोबर आहे तुमचं. आपल्या अहिराणी बोलीत म्हणायचं तर, तुम्हनं बरोबर शे. गेल्या महिन्यात एका मिलमध्ये मी फोटोवरून नोंद घेऊन दाखवत होतो. छापील बिलं झटपट वाचली, जीएसटी क्रमांकासकट. मग मालकाने मुद्दाम हाताने लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. 'चुनी ४० कट्टे' होतं, स्क्रीनवर आलं 'चुना ४० कट्टे'. डाळ मिलमध्ये चुन्याचा साठा! मालक हसले, हमाल हसले, तिथला मुनीम मात्र हसला नाही. त्याने गपचूप आपल्या कागदावर 'चुनी ४०' लिहून घेतलं. तो कागद तो अजून ठेवतो. सिस्टीम चालू झाल्यावरही ठेवतो. मी त्याला अडवत नाही. पण छापील बिलांचं काम आजच होतंय आणि हाताच्या अक्षराचंही सुधारेल, आणि त्यासाठी अख्ख्या लेखाला "जाहिरात" म्हणायची गरज नव्हती.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही.

करमुक्त डाळीचं खरं आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीला ५ टक्के कर आहे, त्यावरच्या कट्ट्याला नाही, आणि करमुक्त मालाला ई-इनव्हॉइस लागत नाही. पण तुमचा मुलगा उद्या एक किलोच्या पिशव्या काढायचं म्हणेल तेव्हा काय? शिवाय तुमची मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहिलीच पाहिजे, ती बंद करता येत नाही. भागीदारी असेल तर तो नियम तुम्हाला नाही. भागीदारीच असेल म्हणा.

लेखातलं सॅपचं, म्हणजे मोठ्या कारखान्यांतल्या ईआरपीचं, उदाहरण "आपल्याला काय करायचंय" म्हणून तुम्ही उडवून लावलंत. सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा आधार २०२७ अखेर संपतो, जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत. ती तुमच्या-माझ्या गल्लीतली गोष्ट नाही, मान्य. पण मोठा कारखाना यंत्रणा बदलतो तेव्हा त्याला माल देणाऱ्या लहान माणसालाही बदलावं लागतं. ऑर्डर फोनवर यायची ती कारखान्याच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) येते, माल निघण्याआधी पोर्टलवर कळवावं लागतं, नाहीतर गाडी गेटवर उभी. एमआयडीसीत पाइपवाल्यांना सुटे भाग देणाऱ्या कोणालाही विचारा.

भाडं. दर माणशी दर महिना किती, तर ते कंपनीवर, मॉड्यूलवर (साठा, विक्री असे कोणते भाग घेता त्यावर) आणि माणसांच्या संख्येवर आहे. दहा माणसांचं पाच वर्षांचं गणित मांडलं तर आकडा मोठा दिसतो, हे मी नाकारत नाही. ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर मुंबईतल्याच एका कंपनीने केलेलं आहे, त्याला लायसन्सचे पैसे नाहीत, हे मी लेखात लिहिलं होतं. सर्व्हरचं आणि बसवणाऱ्याचं काय, असं तुम्ही विचाराल. बसवणाऱ्याला पोट असतं, नाना. सविस्तर पुढे कधीतरी.

नेट जातं तसं येतं. काट्यावरचं वजन तेवढा वेळ काट्याच्या कॉम्प्युटरवर राहू शकतं, नंतर वर चढतं. तशी सोय मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. तुम्ही मागितली होती का?

राहिली अडकलेली खतावणी. हे वाचून मात्र मला वाईट वाटलं, आणि अकरा ओळींत शेवटी टाकण्याऐवजी तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. ज्या कॉम्प्युटरवर ती सिस्टीम होती तो भंगारात देऊ नका. फॉरमॅट करू देऊ नका, कोणी कितीही "स्लो झालाय" म्हणू दे. आखाजीनंतर मी पारोळ्याला एका कामासाठी येणार आहे, तिथून अमळनेर काय लांब नाही. डेटाबेसची फाइल शाबूत असेल तर पार्टीवार बाकी आणि साठा एक्सेलमध्ये काढून देईन. त्याचे पैसे घेणार नाही. तुमच्या मुनीमजींना मात्र त्या दिवशी थांबवून ठेवा, कोणाची बाकी खरी आणि कोणाची त्या सिस्टीमने उगाच उभी केली ते त्यांनाच माहीत असणार.

माझा फोन लागतो. दुपारी दोन ते चार सोडून.