लूसीच्या वाट्याला काय आलं?

नमस्कार. ‘अ जीनियस, टू पार्टनर्स अँड अ ड्यूप’ या चित्रपटात लूसी या पात्राला काही वावच दिला नाही, ही माझी नाराजी तुम्हाला पटली नाही. १९७५च्या विनोदी स्पॅगेटी वेस्टर्नला (म्हणजे इटालियन मंडळींनी बनवलेल्या काउबॉयपटाला) आजची फूटपट्टी लावू नये, या चित्रपटांत बायकांना वाव नसायचाच, शिवाय निगेटिव्ह चोरीला गेल्याने चित्रपटाचं नुकसान झालं, असं तुमचं म्हणणं.

फूटपट्टी त्याच काळातली, त्याच मंडळींची आहे. दिग्दर्शक दामियानो दामियानींनीच १९६६ साली ‘अ बुलेट फॉर द जनरल’मध्ये आदेलिताला बंडखोरांच्या टोळीत पुरुषांच्या बरोबरीने उभं केलं होतं. आणि सर्जिओ लिओनी? ‘अ जीनियस…’चा सुरुवातीचा प्रसंग त्यांनीच चित्रित केला. त्यांचा १९६८चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ आठवा. नायिका जिल गाडीतून उतरते. घ्यायला कुणीच आलेलं नाही. वाट बघून ती स्टेशनात शिरते, आपण तिला खिडकीतून बघत राहतो. मग कॅमेरा छपरावरून वर वर जातो, संगीतकार मोरिकोनेंचं संगीत भरून येतं आणि पलीकडे अख्खं गाव उलगडतं. जिल झालेल्या क्लाउडिया कार्दिनालेच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा टाकणारा माणूस इथे निर्मितीत होता, म्हणून तर जास्त लागतं.

लूसी साकारणारी म्यू-म्यूही काही नवखी नव्हती. आदल्याच वर्षी ‘गोइंग प्लेसेस’मध्ये दपार्दियू आणि देवेर या दोन आडदांड नटांपुढे ती तसूभरही झाकोळली नव्हती. तिथेही दोन पुरुष आणि एक बाई, इथेही तेच. पण इथे मेजर कॅबटचे तीन लाख डॉलर लाटायचा डाव रंगतो तो टेरेन्स हिल आणि रॉबेर शार्लबोआ यांच्यात. लूसी म्हणजे दोघांचाही जिच्यावर जीव आहे ती पोरगी, बस्स. सोंगं घेऊन फसवाफसवी करणाऱ्या कथेत अशी तिसरी भिडू हाताशी असताना तिला बाजूला बसवायचं, हे विनोदाच्या दृष्टीनेही नुकसानच.

निगेटिव्हचं म्हणाल तर ते खरंच वाईट झालं. दुसरे टेक जोडून चित्रपट पुरा करावा लागला, त्यामुळे काही जोड खटकतात, ते मी माफ करतो. पण लूसीची भूमिका पटकथेतच तोकडी आहे. टेक बदलल्याने ती तोकडी झालेली नाही.

डावाची दिशा लूसीच्या डोक्याने बदलली, असा एखादा प्रसंग तुम्हाला आठवत असेल तर जरूर लिहा. तेवढ्यासाठी मी चित्रपट पुन्हा बघेन.