मोबाइलमागे ग्रॅमभर सोनं? आधी भाच्याची बोटं बघा

गेल्या रविवारी नाशिकला सिडकोत ताईकडे गेलो, तर गच्चीच्या जिन्यातच घसा धरला. वर भाचा प्लास्टिकच्या बादलीवर वाकला होता. बादलीत हिरवट पाणी, त्यात रॅमच्या पट्ट्या, सिमकार्डं, आणि कठड्यावर तेजाबाची, म्हणजे नायट्रिक ॲसिडची बाटली. उजव्या हाताची तीन बोटं पिवळीधमक. साबणाने जात नाहीत, म्हणाला. जाणार नाहीतच. नायट्रिकचा डाग आहे तो, कातडी निघून नवी येईल तेव्हाच जाईल. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर त्याने मोबाइल पुढे केला. "मामा, हे वाच ना."

महिनाभरात चार ग्रुपवर आलेला तोच मेसेज. म्हणे, बेल्जियमची युमिकोर कंपनी एका माणसाने गॅरेजमध्ये जुने मोबाइल तोडून उभी केली. प्रत्येक मोबाइलमध्ये एक ग्रॅम सोनं असतं. तेजाबात टाकलं की ते तळाशी बसतं. आणि आपलं हे सोनं परदेशी कंपन्या भंगाराच्या भावाने नेतात. शेवटी, "बेरोजगार मित्रांना नक्की पाठवा."

माझं निम्मं आयुष्य सराफ बाजारात सोनं वितळवणाऱ्या आटणीच्या दुकानात गेलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

एक ग्रॅमचा हिशोब आधी संपवतो. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून केली, हे सगळ्यांनी वाचलंय. त्यासाठी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं जपानभरातून सुमारे ७९ हजार टन छोटी विजेची उपकरणं आणि ६२ लाख मोबाइल गोळा झाले. सोनं निघालं ३२ किलो. मोबाइलमागे ग्रॅम असता, तर नुसत्या मोबाइलमधूनच सहा टनांवर निघायला हवं होतं. युमिकोरच्याच तज्ज्ञांनी दिलेला आकडा मोबाइलमागे सुमारे २४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे गुंजभर सोन्याला पाच मोबाइल, आणि दहा ग्रॅमच्या तोळ्याला चारशेवर. तेही अद्ययावत कारखान्यात, कण न् कण हाती लागला तर.

आता गॅरेज. युमिकोरचं मूळ युनियन मिनिएर, १९०६ साली काँगोतल्या तांब्याच्या खाणींसाठी स्थापन झालेली कंपनी. वसाहतीच्या राज्यात वाढली, १९६० च्या दशकात काँगोचा हुकूमशहा मोबुटूने तिच्या खाणी सरकारजमा केल्या. बेल्जियममधल्या होबोकेनचा तिचा कारखाना तर त्याहूनही जुना. १८८७ साली शिशातून चांदी वेगळी काढण्यासाठी तो उभा राहिला. खनिज सोडून भंगाराकडे तो मुख्यतः १९९० च्या दशकात वळला, आणि युमिकोर हे नाव २००१ चं. शंभर वर्षं धातू वितळवलेल्या लोकांनी, असलेल्या भट्ट्या बदलून हे काम उभं केलं.

त्याच इतिहासातली जी गोष्ट पोरांना सांगायला हवी, ती मेसेजमध्ये नाही. होबोकेनच्या कारखान्याला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. १९७० च्या दशकापासून त्या मुलांचं रक्त तपासलं जातंय. २०२० साली प्रमाण पुन्हा वाढलं, तेव्हा कंपनीने शेजारची घरं विकत घेऊन तिथे हिरवा पट्टा करायचं ठरवलं. धुराडी, गाळण्या, तपासण्या, सगळं असून ही गत. आणि आमचा पोरगा गच्चीत, तोंडाला रुमाल बांधून!

नायट्रिकमध्ये सोनं विरघळत नाही, तांबं आणि चांदी विरघळते. वरचा मुलामा तेवढा पापुद्र्यासारखा सुटतो, चिपच्या पोटातलं सोनं तिथेच राहतं. सुटतो तो तपकिरी धूर. हा धूर फसवा असतो. आधी नुसता खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी, झोपेतसुद्धा, फुप्फुसात पाणी भरू लागतं. म्हणून त्या रात्री मी ताईकडेच थांबलो. त्याला दवाखान्यात दाखवून आणलं होतं, तरी दर तासाला उठून त्याचा श्वास ऐकत होतो. ताईला झोप लागलीच नाही.

शिवाय ते हिरवं पाणी. त्यात तांबं, डाकाचं शिसं, निकेल. गच्चीच्या पन्हाळीतून ते गटारात जाणार, तिथून नासर्डी नदीत, आणि नासर्डी गोदावरीला मिळते. मुरादाबादला रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून-धुऊन धातू काढायचा धंदा वर्षानुवर्षं चालला. तिथल्या काठच्या मातीत आणि पाण्यात जड धातू उतरले आहेत.

परदेशी नेतात, हे मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. आपल्याकडचे सर्किट बोर्ड बेल्जियमला गेलेत. टनभर मोबाइलमध्ये तीनशे ग्रॅमच्या आसपास सोनं असतं, चांगल्या खाणीतल्या टनभर दगडात पाच-सहा. माल मोलाचा आहे, आणि घरोघरी फिरून तो गोळा करणाऱ्या भंगारवाल्याच्या हाती त्यातलं फार थोडं पडतं. आमच्या बाजारात झारेकरी दुकानांचा केर धुऊन त्यातले सोन्याचे कण काढत पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले, त्या कसबाला मी नावं ठेवणार नाही. पण झारेकऱ्याच्या केरात शिसं आणि जळकं प्लास्टिक नसतं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. बोर्ड अशा नोंदणी असलेल्याकडेच जायला हवेत.

बादली मी ओतू दिली नाही. ते पाणी घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून आमच्या दुकानात ठेवलंय. घातक कचरा रीतसर नेणाऱ्या गाडीतून दुकानाच्या मालाबरोबर ते जाईल. भाच्याने चार ग्रुपपैकी दोनांवर स्वतःच्या बोटांचा फोटो टाकलाय. उरलेल्या दोन ग्रुपवर हे मी टाकतोय.