धर्माचं नाव न घेता उमेदवार कसा पाडावा

समोरचा उमेदवार कॅथलिक आहे आणि तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला नको, एवढंच ना? मग "त्याच्या धर्माशी आमचं काही वाकडं नाही" हे वाक्य आधी तोंडपाठ करा. वाकडं आहे ते दारूशी! अमेरिकेत तेव्हा दारूबंदीचा कायदा होता, आणि त्याचा हा उपयोग १९२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीइतका कधीच कुणाला कळला नसेल.

उमेदवारही बघा कसा सोयीचा. डेमोक्रॅटिक पक्षाचा अल स्मिथ, कॅथलिक, न्यूयॉर्क राज्याचा चार वेळा निवडून आलेला गव्हर्नर. शिक्षण फुल्टन मासळी बाजारात, डोक्यावर तपकिरी डर्बी टोपी, तोंडात सिगार, आणि वर दारूबंदी सैल करा म्हणणारा. आता पोपचं नाव काढायची गरजच काय?

ते काम लोक परस्पर करतात. दक्षिणेत एक फोटो फिरत होता: बोगद्याच्या तोंडाशी स्मिथ. हा बोगदा म्हणे अटलांटिकखालून थेट व्हॅटिकनला जाणार. बोगदा खरा होता हो, १९२७ साली सुरू झालेला हॉलंड टनेल. तो हडसन नदीखालून शेजारच्या न्यूजर्सी राज्यात निघतो, पण तिकडे जाऊन बघतंय कोण! ओक्लाहोमात स्मिथच्या रेल्वेगाडीच्या वाटेवर क्रूस पेटवणारी, कृष्णवर्णीय आणि कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेची मंडळीही होती. अशांना ओळख दाखवू नका. अडवूही नका.

तुम्ही आपले सभ्य राहा, मेबल विलब्रँट बाईंसारखे. दारूबंदीचे खटले बघणाऱ्या या सरकारी अधिकारी. त्यांनी ओहायोत मेथडिस्ट पाद्र्यांना आठवण करून दिली, की तुमच्या चर्चचे राज्यात सहा लाख सभासद आहेत, जाऊन कामाला लागा. धर्माचा उल्लेख? छे, विषय दारूचा होता.

निकाल, राज्यवार मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांमध्ये: रिपब्लिकन पक्षाचा हर्बर्ट हूव्हर ४४४, स्मिथ ८७. एरवी डेमोक्रॅटिक पक्षाची हक्काची असलेली टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया ही दक्षिणेतली राज्यंसुद्धा फिरली. स्मिथचं स्वतःचं न्यूयॉर्कही गेलं. सुबत्ता होती, हूव्हर तसाही जिंकला असता, असं शहाणे म्हणतात; त्यांचं ऐकून श्रेय सोडू नका.

पुढच्या पोटापाण्याची चिंताही नको. विलब्रँट बाईंनी १९२९ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवाल्यांचं वकीलपत्र घेतलं. त्यांचा माल म्हणजे द्राक्षाचा आटवलेला रस. घरी आणायचा, पिंपात पाणी घालून काही आठवडे ठेवायचा. मग तो रस काही रस राहत नसे. पण विकला तेव्हा रसच होता ना?