‘बियाणंच बुरशीचं निघालं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंत की आमच्या रोपं वाढवायच्या संचातल्या टोमॅटोच्या ४० बियांपैकी ३४ उगवल्या, नवव्या दिवशी चार-पाच रोपं आडवी झाली आणि दोन दिवसांत सगळा ट्रे बसला. म्हणजे बियाणंच बुरशीचं होतं आणि पैसे वाया गेले, असं तुमचं म्हणणं. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. पैशांचं खाली लिहिलंय, आधी रोपांचं.

४० पैकी ३४ म्हणजे ८५ टक्के उगवण. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के लागते, तेव्हा बी चांगलंच होतं. दुसऱ्या फोटोत आडव्या पडलेल्या रोपाची दोन्ही दलं (बीतून निघणारी पहिली दोन पानं) अजून हिरवीगार आहेत, पण खोड जिथे कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) वर येतं तिथे ते पाणी मुरल्यासारखं काळपट आणि दोऱ्याएवढं बारीक झालंय. ही रोपमर, नर्सरीवाले जिला ‘रोपं कोलमडली’ म्हणतात ती. शिवाय मर ट्रेच्या एका कोपऱ्यातून सुरू होऊन शेजारच्या कप्प्यांत सरकत गेलीय. बियांतून आली असती तर रोपं इथे एक, तिथे एक अशी पडली असती.

हे काम बहुतेक वेळा पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगजंतूंचं असतं. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहत पुढच्या मुळापर्यंत जातात, म्हणून त्याला साचलेलं पाणी फार मानवतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत खालच्या ताटलीत बोटभर पाणी आहे आणि झाकणाला आतून थेंब लागलेत. जुलैत हवा आधीच दमट, ऊन चार-चार दिवस नाही, बंद गॅलरीत वारा नाही. त्यात झाकण नवव्या दिवशीही तसंच.

इथे चूक आमची आहे. संचातल्या कार्डावर ‘झाकण ठेवा, ओलावा टिकवा’ एवढंच छापलंय. झाकण कधी काढायचं ते लिहिलेलंच नाही. तुम्ही कार्डाप्रमाणे वागलात. झाकण फक्त उगवण होईपर्यंत असतं: निम्म्या कप्प्यांत कोंब वर दिसले की त्याच दिवशी काढायचं, मग उरलेल्या बिया मागे राहिल्या तरी चालेल. टोमॅटोला साधारण ५ ते ७ दिवस लागतात, मिरचीला ८ ते १२. म्हणूनच दोन्ही एका ट्रेत पेरू नयेत. मिरचीसाठी झाकण ठेवलं की टोमॅटो बळी जातो.

दुसरी गोष्ट तुम्हीच लिहिली आहे: कोकोपीट कमी पडलं म्हणून सोसायटीच्या वाफ्यातली माती निम्मी मिसळली. रोग बहुधा तिथूनच आला. बागेच्या मातीत हे जीव असतातच. मोठ्या झाडाला सहसा काही होत नाही, आठ दिवसांच्या रोपाला मात्र ती माती सोसत नाही. कमी पडलं तर कप्पे कमी भरा, माती नको. गांडूळखतही पहिले दोन आठवडे नको, कारण रोप तोवर दलांतल्या साठ्यावर वाढतं आणि जादा नत्राने खोड लुसलुशीत होतं.

आता नव्याने पेरताना ट्रे, ताटली आणि झाकण आधी साबणाने घासा. मग एक भाग साधं घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून, खळखळून धुऊन पूर्ण वाळवा. (ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीच मिसळू नका.) कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या विटेवर तीन-साडेतीन लिटर पाणी थोडं थोडं घाला. फुललेलं कोकोपीट मुठीत घट्ट दाबलं की एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर पसरून सुकू द्या. ही मुठीची परीक्षा चुकवू नका, अर्धी मर इथेच टळते.

आमचं बियाणं औषध न लावलेलं आहे, म्हणून पेरण्याआधी बिया जरा ओलसर करून चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) चोळा आणि अर्धा तास सावलीत ठेवा. बाजारातलं गुलाबी-निळं बियाणं घेतलं तर हे करू नका. त्यावर बुरशीनाशक असतं आणि ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, ती मरेल. एका कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल.

पाणी वरून ओतायचं नाही. ताटलीत एक सेंटिमीटर पाणी, ट्रे त्यात १५-२० मिनिटं, मग उरलेलं पाणी ओतून टाका. पुन्हा कधी? ओलं कोकोपीट कॉफीसारखं गडद दिसतं, वरचा थर फिका झाला आणि ट्रे उचलून हलका लागला की मगच, आणि शक्यतो सकाळी. पावसाळ्यात दोन-तीन दिवस पाणी लागलं नाही तर घाबरू नका. पंखा दिवसातून दोन तास मंद, रोपं जेमतेम हलतील इतका.

एखादं रोप पडलंच तर ते उभं राहत नाही. कप्प्यातल्या कोकोपीटसकट काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. बाकीच्यांचं पाणी थांबवा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन हातमोजे घालून एकदा आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता. त्याच दिवशी ट्रायकोडर्मा देऊ नका. दुकानात अनेकदा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक हातात ठेवतात, पण पिथियम ही खरी बुरशी नाही, त्यावर ते चालत नाही. हळद किंवा दालचिनीची पूड भुरभुरवून मर थांबेल, या भरवशावरही राहू नका. आणि फोटोत वर दिसणारा पांढरा कापूस बहुधा निरुपद्रवी आहे. पण तो आला म्हणजे ओल जास्त आहे.

दोन-तीन खरी पानं येऊन खोड बोटाला टणक लागलं की हा धोका बराच ओसरतो.

ताई, संचाचे पूर्ण पैसे परत करत आहोत आणि टोमॅटोचं नवं पाकीट, कोकोपीटच्या दोन विटा व ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा पाठवत आहोत. ऑर्डर क्रमांक तेवढा मेसेजमध्ये कळवा. दुकानातल्या संचांतली जुनी कार्डं काढली आहेत. नव्या कार्डावर पहिलीच ओळ झाकण कधी काढायचं याची आहे.