उंदरांचं बीपी आणि आमचा केज तालुका

भाचा बीड जिल्ह्यातल्या केजला मेडिकल चालवतो. परवा त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, 'गरोदरपणातल्या बीपीवर स्टॅटिन रामबाण. तिकडं देतात, आपले डॉक्टर झोपलेत.' झालं! अर्धं खानदान म्हणालं, पोटुशीला कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे विष. उरलेलं म्हणालं, आपल्याच बाया मागं का? तिकडं म्हणजे कुठं, हे कुणी विचारलं नाही. तिकडं, परदेशात, तर मी राहते.

आणि इथे ती देत नाहीत. बुकिंगलाच, म्हणजे पहिल्या नावनोंदणीच्या भेटीला, मिडवाइफ (सुईण-नर्स) या बीपीचा धोका मोजते, असला तर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन. त्यात नवल काही नाही.

या गोळीचा गुण दिसला तो उंदरांत, आणि उंदरांचं म्हणाल तर ते माझ्या पोटापाण्याचं काम आहे. गाभण उंदरिणीच्या चौदाव्या दिवसाच्या सुमाराला तिच्या महाधमनीला बारीक चाप लावून वारेकडचं रक्त कमी करतात. बीपी चढतं. मग रक्तवाहिनीची दोनेक मिलिमीटरची कडी मी केसाएवढ्या तारांवर ताणते नि त्यावर ॲसिटिलकोलिन, म्हणजे वाहिनी सैल करणारं रसायन, सोडते. आतलं अस्तर धड असेल तर कडी सैल पडते, बिघडलं असेल तर हट्टाने आवळून राहते. अशा उंदरिणींना प्रवास्टॅटिन, म्हणजे स्टॅटिनचाच एक प्रकार, दिल्यावर बीपी उतरलं, हे २०१३ मध्येच छापून आलंय. त्याआधी २०११ मध्ये जपानी गटाने उंदरांच्या वारेत एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन वाढवून हाच आजार उभा केला. तिथेही गोळी चालली. हे प्रथिन रक्तवाहिन्यांना जपणारे घटक पकडून ठेवतं, खरी गोम तिथे आहे.

पण उंदरीण एकवीस-बावीस दिवसांत विते, आणि तिचा आजार आपणच चाप लावून आणलेला असतो. बाईचं तसं नसतं. पस्तिसाव्या ते सदतिसाव्या आठवड्यातल्या, धोका जास्त असलेल्या ११२० बायकांवर याच गोळीची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. गोळीवाल्यांत १४.६ टक्क्यांना प्रीएक्लॅम्पसिया (हाच गरोदरपणातल्या बीपीचा आजार), नुसत्या साखरगोळीवाल्यांत १३.६. संपला विषय. उलट १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आणला, २०१७ मध्ये. पट्टी भाच्याच्या दुकानात पडलेली असेल. स्वस्त गोळीवर भांडायला कुणाला मजा येत नाही.

मी हे सगळं लिहिलं. शिवाय हेही, की दसऱ्यानंतर उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, कारखान्याला निघतो, बाईचं कार्ड गावातल्या आशाताईकडे राहतं आणि बाई फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. तिचं बीपी बघणार कोण? इथे दर भेटीला बीपीचा पट्टा आणि लघवीची पट्टी ठरलेलीच, माझ्या तीनही शेजारणींना त्याचा कंटाळा आलेला.

एवढं लांबलचक टाइप करायचं कारणही सांगते. वाटणीत, सोयरिकीत, बोअर कुठं घ्यायचा त्यात माझं मत आता कुणी विचारत नाही. ग्रुपवर मी वाढदिवसाच्या केकपुरती. उंदरांचा विषय निघाला आणि वाटलं, इथे तरी माझा शब्द चालेल.

शेवटी म्हटलं, बीपीची दोन मशिनं पाठवते. भाच्याचं उत्तर आलं, "मशीन हितं धूळ खातंय, आत्या. फडावर जाऊन लावणार कोण, तू येतीस?"

मी त्याला ११२० बायकांचे आकडे परत पाठवले.